यंत्राने लिहिलेलं एक वाक्य ठेवू की काढू?

कांडीवाला

नमस्कार मंडळी. दोन वर्षं या संकेतस्थळावर नुसता वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

वय ४३. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. घरी तेलुगू, बाहेर मराठी, मालवाहू टेम्पोवाल्याशी कन्नड मिसळलेलं हिंदी. कादंबरी मराठीत लिहितोय. शाळा मराठी झाली आणि वाचायची चटक लागली ती हिराचंद नेमचंद वाचनालयात, त्यामुळे दुसऱ्या भाषेत लिहायचं कधी डोक्यातच आलं नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कारखाना बंद होता. सुताचे व्यापारी दिवाळीला डायऱ्या देतात, त्यातल्या चार कोऱ्या घरात पडल्या होत्या. त्यात सुरू केली. पाच वर्षांत १४० पानं झाली. म्हणजे वर्षाला २८, महिन्याला अडीचसुद्धा नाहीत. (हे असलं मोजत बसायची खोड नोकरीमुळे.)

गोष्ट पूर्व भागातल्या एका विड्या वळणाऱ्या बाईची. नवरा मिलमध्ये होता, मिल बंद पडली, मग तो यंत्रमागावर गेला. ओळखलंच असेल, आई-वडीलच आहेत. वडील आता नाहीत. आई आहे.

तर झालं असं की पुतण्याने माझ्या मोबाइलवर ते एआय टाकून दिलं. आधी मी ते कामालाच वापरत होतो. परदेशी गिऱ्हाइकाला इंग्रजीत पत्र लिहायचं म्हणजे मला घाम फुटायचा, आता फुटत नाही. कामाला वस्तू चांगली आहे, उगाच नावं ठेवणार नाही. पण एका रात्री सातव्या प्रकरणात अडकलो होतो. बाई ब्रँचमधून, म्हणजे विड्या जमा करायच्या केंद्रातून, परत येते, निम्म्या विड्या छाटणीत बाद झालेल्या आहेत, आणि घरी कुणाला सांगायचं नाही, एवढाच प्रसंग. तीन दिवस पहिली ओळ येईना. चार वाक्यांत प्रसंग टाइप केला आणि म्हटलं, लिही बाबा तूच. मी माठातलं पाणी प्यायला उठलो आणि परत बसेपर्यंत पानभर तयार.

पान वाचून हसू आलं. बाई खिडकीत बसून वाफाळता चहा घेत होती. आमच्या बोळात खिडकी म्हणजे समोरच्याची भिंत. सोनेरी किरणं होती. तेंदूपत्त्याचा मंद सुगंध होता. तंबाखूची धूळ उडणाऱ्या खोलीत जो एक रात्र झोपलाय, त्याने हे वाचून शिंकावं. पण मधेच एक वाक्य होतं, ते असं:

"रात्री ती झोपली तरी तिची बोटं झोपत नसत, अंधारात ती न दिसणारं पान वळत राहायची."

मी ताठ बसलो. पेन काढून ते डायरीत उतरवून घेतलं. त्या दिवसापासून माझं लिखाण बंद आहे. दोन महिने झाले. काहीही लिहिलं की ते त्या वाक्याशेजारी ठेवून बघतो आणि खोडतो.

आता तुम्ही म्हणाल, दिवस कसले आणि हा बसलाय एका वाक्याला धरून. दिवस वाईट आहेत हे मला पगारपत्रकावरून तुमच्याआधी कळतं. २०२५ च्या ऑगस्टात अमेरिकेने आपल्या मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं. आमचा माल तिकडे जातो. ऑर्डरी अडकल्या, दोन पाळ्यांची एक झाली, आणि कुणाला आठवड्यात किती दिवस काम द्यायचं याचा तक्ता मी करतो. पुढच्याच महिन्यात सीना नदी गावांत शिरली. बहीण मोहोळ तालुक्यात दिलेली आहे, तिचा ऊस पाण्याखाली गेला. त्याच्या आधी मे महिन्यात आमच्याच एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याला आग लागून आठ माणसं गेली. त्याबद्दल मी डायरीत अजून एक ओळ लिहिलेली नाही. एका रात्री फोनवर मात्र बोट गेलं. "कारखान्याला आग लागते" एवढं टाइप केलं आणि पुसलं. ते पानभर लिहून देईल, आणि कदाचित बरं लिहील, याचीच भीती वाटली. नंतर झोप लागली नाही.

तर प्रश्न साधा आहे. आमच्याकडे टॉवेलवर मोर येतो. एकाने काढलेला, दुसऱ्याने कार्डावर पाडलेला, तिसऱ्याच्या मागावर विणलेला, चौथीने दोरे कापून घडी घातलेला. हा मोर कुणाचा, असं कुणी विचारत नाही. मग एका वाक्यासाठी माझी झोप का उडावी? ठेवू का काढू? आणि ठेवलं तर वाचणाऱ्याला सांगू का?

---

चारदिवसाआड

काय बे, दोन महिने एका वाक्यावर? एवढ्यात आमच्या नळाला पंधरा वेळा पाणी येऊन गेलं की. ठेव न् पुढं जा. वाचणारा कुठं विचारूलालाय कुणी लिहिलं म्हणून. आधी पुस्तक तर होऊ दे.

---

ग्राफमास्तर

कांडीवाले, मोर कुणाचा असं कुणी विचारत नाही म्हणालात. मी विचारतो. ३१ वर्षं चादरीची डिझाइनं काढली, मोर बरेचसे माझेच.

तुमच्या वयाच्या लोकांनी संगणकावरचंच डिझाइन पाहिलं असेल. आम्ही ग्राफ पेपरवर चौकोन रंगवायचो. जिथे उभा धागा वर उचलायचा, तो चौकोन भरायचा. जिथे खाली ठेवायचा, तो कोरा. मग त्या बरहुकूम पुठ्ठ्याच्या कार्डाला भोकं पाडायची. भोक असलं की आकडा धागा उचलतो, नसलं की नाही. एका आडव्या धाग्याला एक कार्ड. मोराच्या एका पिसाऱ्याला कार्डांची ही एवढी माळ, मागाच्या डोक्यावर टांगलेली. हे जॅकार्ड. फ्रान्समधल्या ल्यों गावच्या जॅकार्डने १८०४ मध्ये बसवलेली पद्धत आपल्या पूर्व भागात घरोघर खडखडत होती.

माझी मुलगी संगणक शिकायला गेली, तेव्हा तिच्या पुस्तकात मला जॅकार्ड सापडला. बॅबेज नावाच्या इंग्रजाने आपल्या गणिती यंत्रासाठी हीच भोकांची कार्डं उचलली होती. आणि एडा लव्हलेस या बाईने १८४३ मध्ये लिहून ठेवलंय की मागावर जशी फुलं-पानं विणली जातात, तसं हे यंत्र बीजगणिताची नक्षी विणतं. मुलीला म्हटलं, बघ, तुझ्या कॉम्प्युटरचं आजोळ आमच्या कारखान्यात आहे. ती हसली. त्याच बाईने पुढे असंही लिहिलंय की यंत्र स्वतःहून नवीन काही काढत नाही, आपण जे सांगू शकतो तेवढंच करतं. आता तुमच्या फोनमधलं यंत्र तिला खोटं पाडतं का, हे शिकलेल्यांनी सांगावं.

मी माझं सांगतो. एकदा रात्री डोळा लागला आणि एक चौकोन भरायचा राहिला. मोराचा डोळा गेला. कळेपर्यंत दोनशे चादरी उतरल्या होत्या. मालकाने जे तोंड सोडलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. माल हुबळीच्या व्यापाऱ्याला स्वस्तात दिला. महिन्याने त्याचा निरोप: तो झोपलेला मोर अजून पाहिजे, बायका मागतात. मालकाने मला बोलावलं आणि म्हणाला, मास्तर, परत डोळा काढा. म्हणजे काढून टाका.

तो मोर माझा आहे. बाकीचे कारखान्याचे. चादरीच्या काठावर कारखान्याचं नाव विणलेलं असतं, ग्राफ भरणाऱ्याचं कधी बघितलंत? आपल्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी बाहेर कुठलीही छापील चादर "सोलापुरी" म्हणून गळ्यात मारतात. हे सोसलेला माणूस तुम्हाला एवढंच सांगेल: ठेवायचं असेल तर काठावर नाव विणा. नाव विणायची लाज वाटत असेल तर माल तुमचा नाही.

---

सातरस्ता_ते_हिंजवडी

मास्तर, प्रतिसाद एक नंबर. डोळा मिटलेला मोर आमच्या घरी होता असं आईची शपथ वाटतंय.

दादा, मी पोटापाण्यासाठी याच यंत्रांच्या आसपास असतो, म्हणून थोडं आतलं सांगतो. हे प्रकरण वाक्य "सुचवत" वगैरे नाही. मजकुराचे बारीक तुकडे करतं आणि आतापर्यंतच्या तुकड्यांनंतर पुढचा कुठला येण्याजोगा आहे याचा अंदाज बांधत जातं. ज्या ढिगावर ते शिकलंय, त्यात इंग्रजी डोंगराएवढं आणि मराठी टेकडीएवढं. त्या टेकडीतही बातम्या, सरकारी कागद, कुठून कुठून भाषांतरलेलं. पाच्छा पेठेतली आजी त्यात नाही. म्हणून तुमची बाई खिडकीत चहा घेत बसली.

आता त्या वाक्याबद्दल. मला तो साचा वाटतो. "कष्ट करणाऱ्याची बोटं झोपेतही काम करतात" हे जगात कुणाकुणाबद्दल लिहून झालं असेल. ताडून बघा. तोच प्रसंग द्या, फक्त विडीच्या जागी शिंपीण टाका, टायपिस्ट टाका, काहीही टाका. काय येतं ते इथे लिहा.

आणि मास्तर, एडाबाईंचं म्हणाल तर त्यावर आमच्यात रोज मारामाऱ्या होतात. मी दोन्ही बाजूंनी भांडलोय.

---

कांडीवाला

करून बघितलं. काल रात्री जेवणानंतर, बायको शेजारी बसून मजा बघत होती.

शिंपीण: झोपेतही तिच्या बोटांतून अदृश्य सुई फिरत होती. टायपिस्ट: उशीवर बोटं टकटकत होती. भाकरी थापणारी: अंधारात तळहात थापत होते. केळीवाला टाकला, तर तो झोपेत केळी मोजत होता. शेवटी हिशेबनीस टाकला. तो झोपेत बोटांच्या पेरांवर बेरजा करत होता.

हे शेवटचं खरं आहे, असं बायकोचं म्हणणं. मी गप्प बसलो.

साचा आहे हे पटलं. पण गंमत अशी, की पटूनही वाक्य डोक्यातून जात नाही. साच्यातून काढलेला गणपतीसुद्धा घरी आणल्यावर गणपतीच असतो ना?

---

सूपभर_पानं

मी फारशी लिहीत नाही इथे, पण हे वाचून राहवलं नाही.

माझी आई ४० वर्षं विड्या वळत होती. मीही दहावीपर्यंत वळल्या, शाळेतून आलं की सूप मांडीवर. तुमचं ते वाक्य सुंदर आहे आणि खोटं आहे. झोपेत बोटं वळत नाहीत हो. आखडतात. सकाळी आईची मूठ उघडायची नाही, आधी चुलीवरच्या कोमट पाण्यात हात घालून बसायची, मग चहा. हजार विड्या म्हणजे हजार पानं भिजवलेल्या फडक्यातून काढायची, कातरीने मापाला कापायची, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा, तोंड दुमडायचं. अंगठ्याच्या नखाशेजारची कातडी जाते. रात्री तिथे खोबरेल लावायची आणि हात पदरात गुंडाळून झोपायची, म्हणजे आमच्या अंथरुणाला तंबाखूचा हात लागू नये. आता यात "न दिसणारं पान" कुठून आणायचं?

ब्रँचवाला छाटणी करायचा तेव्हा विडी मोडून टाकायचा. मोडलेली विडी आईला परत मिळायची नाही, पण पान-तंबाखूचा हिशेब तिच्याच नावावर. हे तुमच्या प्रकरणात आहे का? नसेल तर टाका.

आणि एक विचारू? राग मानू नका. आई जिवंत आहेत म्हणालात. दोन महिने फोनला विचारताय, आमच्यासारख्या परक्यांना विचारताय. त्यांना विचारलंत का?

---

चारदिवसाआड

ताईंनी वाजवली बघ. आता बोल बे कांडीवाल्या.

---

जुना_वाचक

सूपभर_पानं यांचा प्रतिसाद वाचून उठून येरझारा घातल्या. असं सलग लिहा कधीतरी, वेगळा धागा काढून.

मला त्या यंत्रातलं काही कळत नाही, तेव्हा त्यावर बोलणार नाही. धागाकर्त्याने वाईट दिवसांचं जे लिहिलंय, त्यावर थोडं. आपल्या गावाला वाईट दिवस नवे नाहीत. १९३० च्या मे महिन्यात इथे मार्शल लॉ होता, तिरंगा लावला म्हणून माणसं आत जात होती. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. तारीख बघा. ऐन गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, तोंडावर. त्या वर्षी नंदीध्वज धरणाऱ्यांच्या मनात काय चाललं असेल, हा विचार मी दर संक्रांतीला या चौघांच्या चार पुतळ्यांपाशी गाडी लावताना करतो. (गाडी लावायला जागा मिळत नाही हा भाग वेगळा.)

तेव्हा आगीबद्दल लिहिलं नाही म्हणून स्वतःला खाऊ नका. ज्यांची माणसं गेली त्यांच्या घरी अजून पहिलं वर्षश्राद्ध व्हायचंय. तुम्ही टाइप करून पुसलंत ना, ते बरोबर केलंत. पण ते पुसलंत तसंच डायरीत लिहून ठेवा, तारखेसकट. पुढे उपयोगी पडेल.

पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

---

कांडीवाला

सगळ्यांना एकत्रच उत्तर देतो.

सूपभर_पानं ताई, राग कसला. तुमचं शेवटचं वाक्य वाचून मोबाइल उलटा ठेवला आणि आतल्या खोलीत गेलो. आई शेंगा सोलत बसली होती. ७१ वर्षांची आहे, डोळ्यांमुळे सहा वर्षांपूर्वी विड्या सोडल्या. मी तिला कधी कादंबरीबद्दल सांगितलेलंच नाही. तिला वाटतं मी रात्री कारखान्याचे हिशेब घरी आणतो.

ते वाक्य तिला तेलुगूत करून सांगितलं. पहिल्यांदा हसली. "नीकेम् तेलुसुरा," म्हणाली, तुला काय माहीत रे. तिचंही म्हणणं तुमच्यासारखंच: रात्री हात दगड व्हायचे, वळतात कुठले. मला वाटलं, झालं, वाक्य काढायचं, विषय संपला. उठायला लागलो तर म्हणाली, बोटं हलायची ती तुझ्या नान्नाची.

मिल बंद पडल्यावर वर्ष-दीड वर्ष वडील घरीच होते. मी तेव्हा शाळेत. दिवसा ते काही बोलायचे नाहीत, देवळात नाहीतर पारावर. रात्री झोपेत त्यांची दोन्ही हातांची बोटं छातीवर एकत्र यायची आणि चिमटीत काहीतरी धरून फिरवायची. आईला पहिल्यांदा वाटलं फिट आली. मग लक्षात आलं. तुटलेले धागे जोडत होते. ती काय करायची, तर विडीच्या दोऱ्याची गुंडी त्यांच्या हातात द्यायची. ती मुठीत आली की शांत व्हायचे. सकाळी ती गुंडी तिला परत लागायची, कारण तिचं काम त्याच दोऱ्यावर. तर पहाटे हळूच एकेक बोट सोडवून काढून घ्यायची.

आम्ही पाचजण त्याच दहा बाय बाराच्या खोलीत झोपायचो. मी त्यांच्या पायाशी. मला हे माहीत नव्हतं.

मास्तर, तुम्ही काठावर नाव विणायला सांगितलंत, आता कुठे आणि कुणाचं विणू ते कळेना. ते वाक्य नसतं तर मी आईपाशी जाऊन बसलो नसतो, आणि ते वाक्य तर कादंबरीत आता कुठेच बसत नाही. डायरीत ते आहे तसं ठेवलंय, खाली लिहिलंय "मोबाइलवरून", आणि तारीख. जुना_वाचक, तुमचंही ऐकलं, शेजारच्या पानावर ते पुसलेलं वाक्यही लिहिलं. सातवं प्रकरण बाजूला ठेवलं. ताई, मोडलेल्या विडीचा हिशेब त्यात नव्हता, आता येईल. तुमची परवानगी समजतो, नसेल तर सांगा. काल रात्री साडेबारापर्यंत सव्वादोन पानं झाली. सगळी वडिलांची.

एका ठिकाणी मात्र अडलोय. आई म्हणाली, "दारालु अतुकुतुंडे." धागे जोडायचा. पण आमच्यात हाच शब्द फाटक्या वहीला कागद चिकटवायलाही वापरतात, ठिगळ लावायलाही. "जोडत होते" लिहिलं तर फार कोरडं वाटतं. "सांधत होते" बरं वाटतं, पण मिलमधल्या कुणाच्या तोंडी ऐकल्याचं आठवत नाही. मास्तर, ग्राफमास्तर, तुम्ही मिलचे लोक बघितलेत. मागावर धागा तुटला की मराठी कामगार काय म्हणायचे? गाठ मारली म्हणायचे का दुसरं काही? उद्या-परवा पगाराचा तक्ता आहे, परवा रात्री येऊन बघतो.